शिटी चालते, बोलणं चालत नाही

चैत्र मध्यावर आला की उतरत्या दुपारी पश्चिमेकडून आमच्या जूचंद्र गावावर एक वारा येतो. तो थंड म्हणावा असा नसतो, उष्णही नसतो. त्याला चव असते. ओठांवरून जीभ फिरवली की कळतं, मिठाचा हंगाम आला. वास्तविक हंगाम आता उरलेला नाही. मिठागराच्या ज्या चौकोनी कोंड्यांमध्ये आमच्या माणसांनी खाडीचं पाणी अडवलं, पायांनी तळ चोपून गुळगुळीत केला आणि उन्हाकडून मीठ वसूल केलं, त्या कोंड्यांचे बांध फुटले आहेत. काहींत शेवाळ आहे, काहींत बगळे, काहींत पाडलेल्या भिंतींचा राडारोडा. पलीकडे उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या चादरी याच वाऱ्याने फडफडतात. मीठ गेलं, मीठवाले पांगले, पण वाऱ्यावर अद्याप कोणी नोटीस बजावलेली नाही. तो नेमाने येतो. या वर्षी तो आला आणि त्याच सुमारास हायवेकडच्या मॉलमध्ये तो सिनेमा आला.

एका जुन्या, जगभर गाजलेल्या परग्रहवासीयांच्या आक्रमणाच्या सिनेमाची ती नवी, अवाढव्य खर्चाची आवृत्ती होती. नायगावच्या पुलापासून सातिवलीच्या गोदामांपर्यंत तिचे फलक लागले होते. गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढचं भांडण तिच्यावाचून कळणार नाही. आकाशातून जहाजं उतरतात. त्यांना आपला समुद्र हवा असतो. एका किनाऱ्यावरच्या गावासमोरचं सगळं पाणी ती शोषून घेतात आणि मागे, नजर पोचेल तिथपर्यंत, पांढरं मीठ उरतं. गावाला हुकूम होतो, निघा. जुन्या सिनेमात गाव निघतं; मात्र खानावळ चालवणारी एक म्हातारी धक्क्यावर खुर्ची टाकून बसते. ती निघत नाही. तिला पाहून एकेक जण परत फिरतो. शेवटी अवकाळी पाऊस येतो, कोरड्या हवेवर चालणारी परक्यांची यंत्रं बंद पडतात आणि जहाजं परत जातात.

नव्या आवृत्तीवर आमच्या भागात जे बोललं गेलं, ते मी कान देऊन ऐकत होतो. चहाच्या टपरीवर एक तरुण दुसऱ्याला म्हणाला, "समुद्र वर खेचतात तो सीन बघ फक्त. तिथेच पैसा वसूल."

"आणि जुना बघितलायस?"

"यूट्यूबवर लावलेला. बोअर आहे रे. एक म्हातारी नुसती बसून राहते."

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, की ही तर आपलीच कहाणी, बाहेरून लोक येतात आणि आपली जागा बळकावतात. त्यावर वरच्या मजल्यावरच्या, मूळ कुडाळच्या सावंतबाईंनी विचारलं, "बाहेरचे म्हणजे आम्ही का?" त्यानंतर कित्येक दिवस ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांखेरीज काहीही आलं नाही. मला सावंतबाईंचा प्रश्न रास्त वाटला. आयुष्यभराचं कर्ज डोक्यावर घेऊन दोन खोल्या घेणारं कुटुंब आक्रमक नसतं. ज्याने खाडीकाठच्या खाजणात भराव टाकला आणि भरतीची वाट बुजवली, तो त्या ग्रुपवर नव्हता. तो असल्या ग्रुपांवर कधीच नसतो. शेवटी हे मी तिथे सविस्तर लिहिलं. उत्तरादाखल एक अंगठा आला.

परंतु मला जी प्रतिक्रिया खरी ऐकायची होती ती एकाच व्यक्तीची होती. हिराबायची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची.

आम्ही लहान असताना एका वर्षी देवीच्या जत्रेला तंबूतला सिनेमा आला होता. हंगाम भरात होता. बांधांवर मिठाच्या राशी उभ्या होत्या, चांदण्यात त्या निजलेल्या गुरांसारख्या दिसत. दिवसभर लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढून बायांचे हात सोलवटलेले असत. त्या हातांना खोबरेल चोळून त्या तंबूत येऊन बसत. तंबूला तेलाचा, घामाचा आणि भाजल्या शेंगांचा वास होता. इंग्रजी सिनेमा असला की तंबूवाला पडद्याशेजारी एक माणूस उभा करी. तो भोंग्यातून गोष्ट मराठीत सांगे. त्याला सगळे 'सांगणारा' म्हणत. त्या वर्षी हाच परग्रहवासीयांचा सिनेमा होता, काळापांढरा, आणि सांगणाऱ्याचा घसा पहिल्याच खेळात बसला होता.

आमच्या आईला लांबचं दिसत नसे. उन्हात पांढऱ्या मिठाकडे बघून बघून तिचे डोळे कायम मिटल्यासारखे झाले होते. म्हणून हिराबाय, तेव्हा नुकती पदराला आलेली, तिच्या शेजारी बसून तिला पडद्यावरचं सांगू लागली. इंग्रजी तिला येत नव्हतं. मराठीही चार इयत्तांपुरतंच. पण आकाश फाटलं, जहाज उतरलं, बाप्ये पळाले, बाया उभ्याच राहिल्या, हे सांगायला कुठलीही शाळा लागत नाही. आसपासच्या बाया तिच्याकडे सरकल्या. मग बाप्यांनी बिड्या विझवल्या. थोड्या वेळाने सांगणाऱ्यानेच भोंगा खाली ठेवला आणि तोही ऐकत बसला.

आणि समुद्र आटला. पडदा पांढराशुभ्र झाला. त्या सिनेमाला भिऊन इतर गावांत पोरं आयांच्या पदरात लपली होती, असं तंबूवाला पुढे सांगत असे. आमच्या तंबूत टाळ्या पडल्या.

"आगं, मीठ बग कवरा पिकलाय," पुढची एक म्हातारी म्हणाली.

"एका रातीत. आन आमी मर मर मरतो."

"ह्यांना आपल्या आगरावर ठेवा कामाला."

"ठेवा, पन ओढनार कोन ता सांगा आदी. आकाशातून फल्या आनल्यात का त्यांनी?"

तंबू हसत होता. शत्रू कोण, हे आमच्या लोकांना अजून ठरवायचं होतं. त्यांनी काम पाहिलं आणि कामाला दाद दिली. मात्र गावाला निघण्याचा हुकूम झाला तेव्हा ते हसणं थांबलं. कोणीतरी पडद्यावर वहाण फेकली. खानावळवाली म्हातारी खुर्ची घेऊन धक्क्यावर आली तेव्हा हिराबाय म्हणाली, "बसली. आता बगा." तेवढं ऐकून बायांनीही जागच्या जागी मांड्या आवळून घेतल्या, जणू त्यांनाच कोणी उठवायला येणार होतं.

मग तो पाऊस आला. पडद्यावरची माणसं पावसात नाचत होती आणि आमच्या तंबूत हाय उमटली. हंगामातला पाऊस म्हणजे काय, हे त्या गोऱ्या दिग्दर्शकाला कोणी सांगितलं नव्हतं. एवढं पिकलेलं मीठ डोळ्यांदेखत पाणी होणार, आणि ही माणसं नाचतात? एक बाई चक्क रडू लागली. हिराबायने पडद्याकडे पाहिलं. तिथे काही माणसं कोट डोक्यावर धरून धावत होती. ती ओरडली, "झाकाया चालल्यात. राशी झाकाया चालल्यात. झाकली. दुसरी पन झाकली." तंबूने निःश्वास टाकला. सिनेमाचा शेवट गोड झाला तो जहाजं गेली म्हणून नव्हे. मीठ वाचलं म्हणून.

मी पुढे कोर्टात कारकून म्हणून लागलो आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. उभी हयात मी माणसांना साक्ष देताना ऐकलं. डोळ्यांसमोर घडलेलं सांगणं किती अवघड असतं, हे त्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या भल्याभल्यांच्या जिभांनी मला दाखवलं. हिराबायसारखा साक्षीदार मला त्या इमारतीत भेटला नाही. ती खोटं बोलली होती, हे मला मान्य आहे. तरी समोर बसलेल्या माणसांचं सगळं खरं तिच्या साक्षीत होतं.

आता तिचेही डोळे गेले आहेत. पूर्ण नव्हे, कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. डॉक्टर म्हणतात वयाने, बाय म्हणते मिठाने. उरलंसुरलंही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आणि घरी येताना तिने रिक्षातच मला विचारलं, "कवरे दिवस म्हनला त्यो?" मी रिक्षावाल्याला वळण दाखवलं. ती म्हणाली, "मंग त्यो नवा पिच्चर दाखव आदी. बगू दे, पाऊस पारतात का त्ये."

पहिल्या खेपेला आम्ही दोघेच गेलो. मी शेजारी बसून हलक्या आवाजात सांगत होतो. ती मात्र हलक्या आवाजातली नव्हेच. आजूबाजूला काय चाललं होतं, तेही नमूद करतो. बंदर जळालं तेव्हा शिट्या वाजल्या. जहाजाने एक पूल उचलून फेकला तेव्हा पुढच्या रांगेतल्या तरुणाने दोन बोटं तोंडात घालून जी शिटी मारली ती अजून माझ्या कानात आहे. कोणी मोबाइल उंच करून पडद्याचं चित्रण करत होतं. मक्याच्या लाह्यांचा कुरकुराट अखंड होता. यांपैकी कशालाही कोणाची हरकत नव्हती.

मग गाव रिकामं होण्याचा प्रसंग आला. बसगाड्या लागल्या, सैनिक रांगा लावू लागले, संगीत थांबलं. त्या शांततेत बायने विचारलं, "बाला, ती म्हातारी कुठंय?"

"या सिनेमात ती नाही, बाय."

"मेली?"

"मेली नाही. तिला घेतलेलीच नाही."

"मंग धक्क्यावर बसलंय कोन?"

"कोणी नाही."

"कोनीच नाय?" तिचा आवाज चढला. "आरं मंग ह्यांना आरवनार कोन?"

पुढच्या रांगेतला तो शिटीवाला तरुण मागे वळला. "अंकल, प्लीज, कॉमेंट्री बंद करा ना. आम्ही पण तिकीट काढून आलोय."

मी म्हणालो, "तुमच्या तिकिटात माझं मौन समाविष्ट आहे, असं कुठे लिहिलंय ते दाखवा."

त्याने ते दाखवलं नाही. त्याने माणूस बोलावला. टॉर्चवाला आला, त्याने प्रकाश बायच्या तोंडावर टाकला. अंधारात मुळात कमी दिसणाऱ्या तिला मग काहीच दिसेना. ती माझा हात धरून उठली, कारण प्रकाश पडला की उठायचं असतं, एवढंच तिला वाटलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा दार आपोआप, मऊ आवाज करून, मागे बंद झालं. मॅनेजर ही एक तरुण मुलगी होती, बोलायला सभ्य, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. ती म्हणाली, "काका, सॉरी, पण कम्प्लेंट आली की आम्हाला ॲक्शन घ्यावीच लागते."

"आणि शिट्यांबद्दल तक्रार आली असती तर?"

"ते तर एन्जॉय करतात ना, काका."

या वाक्याने त्या रात्री माझी झोप उडवली. शिटी चालते, बोलणं चालत नाही. जाळपोळ पाहून कोणी आनंदाने किंचाळलं तर तो रसिक, आणि एका जवळपास आंधळ्या बाईने, या माणसांना अडवणारं कोणी आहे का, असं विचारलं तर तो उपद्रव. मला वाटतं, आपण प्रतिक्रिया या शब्दाचाच गळा आवळला आहे. प्रतिक्रिया म्हणजे तारे किती दिले, अंगठा वर की खाली, एवढंच. पडद्याला उलट उत्तर द्यायचं, त्याला अडवायचं, त्याला जाब विचारायचा, हे ज्याला करता येत नाही त्याला मी प्रेक्षक म्हणणार नाही. तो गिऱ्हाईक आहे. आमच्या तंबूत गिऱ्हाईक एकही नव्हता. तिथे वहाण फेकणारा होता, रडणारी होती, आणि परक्यांना कामावर ठेवू पाहणारीही होती.

मी लिहिलं. थिएटरच्या व्यवस्थापनाला लिहिलं, की तिकिटामागे बारीक अक्षरांत 'प्रवेशाचा अधिकार राखून ठेवला आहे' असं छापलेलं आहे, ते प्रवेश देण्यापूर्वीचं आहे. प्रवेश दिल्यावर उठवायचं तर कारण सांगावं लागतं, आणि ते कारण सर्वांना सारखं लावावं लागतं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा या देशात आहे, याचीही जाणीव करून दिली आणि टॉर्च तोंडावर मारल्याची तक्रार नोंदवली. तुमच्या दाराशी पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला आहे. माझा आवाज हा माझ्या बहिणीचा उतार आहे, तो तुम्ही उखडलात. हे वाक्य मला स्वतःला आवडलं, म्हणून ते मी ऑगस्टीनला वाचून दाखवलं.

ऑगस्टीन हा माझा शाळेपासूनचा मित्र, पश्चिमेकडचा, निवृत्त मास्तर. केळीची बाग होती, आता दारापुरतं अळू आणि अबोली. तो चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "म्हात्रे, तू सिनेमा बघायला जातोस की उलटतपासणी घ्यायला?"

"दोन्ही एकदम होतं."

"त्या पोराचंही तिकीट आहे, हे विसरू नको. दिवसभर कुठे राबून आला असेल, दोन तास शांतता मागितली."

"शांतता मागणाऱ्याने शिटी मारू नये."

"मारली, कारण त्याच्या गळ्याला तेवढंच येतं," ऑगस्टीन म्हणाला. "आमच्या चर्चमध्येही आता बघ, मोठ्याने 'आमेन' म्हणणाऱ्या म्हाताऱ्या उरल्यात. तरुण ओठ हलवतात. राग धरून काय होणार? त्यांना कोणी सांगितलंच नाही, की मोठ्याने म्हणायचं असतं."

यात तथ्य होतं आणि म्हणूनच मी त्याच्यावर चिडलो. तरी एक गोष्ट मी मनाशी कबूल केली: पुन्हा गेलो तर मागच्या कोपऱ्यातल्या खुर्च्या घ्यायच्या. इतरांच्या शांततेचा तेवढा मान मी राखतो. गप्प बसण्याचा शब्द मात्र मी कोणाला दिला नाही.

थिएटरचं उत्तर आलं. त्यात दिलगिरी होती, माझं नाव चुकवलेलं होतं, आणि फुकट लाह्यांचं एक कूपन होतं. मी ते कूपन पोचपावतीसह परत पाठवलं. मग मॅनेजर मुलीचा फोन आला. तिने खरोखर धडपड केली होती, हे मी मान्य करतो. ती म्हणाली, "काका, सिनेमा आता थोडेच दिवस आहे. मी एक करू शकते. सकाळचा शो जवळजवळ रिकामाच असतो. त्यात मी बाकी कोणाला बुकिंग देत नाही. तुम्ही आणि आजी, दोघंच. पाहिजे तेवढं बोला."

माझ्यातला कारकून लगेच तयार झाला. मागणी मान्य, दावा निकाली. मी संध्याकाळी गावठाणात बायच्या घरी गेलो. ती पडवीत वाल सोलत होती. बोटांना दाणा आणि साल कळायला डोळे लागत नाहीत. मी तिला प्रस्ताव सांगितला. ती सोलायची थांबली नाही.

"दोगंच?"

"दोघंच. पूर्ण थिएटर आपलं."

"आन मी सांगू कोनाला?"

"तू नाही, बाय. मी सांगणार, तू ऐकणार."

"तू सांगशील. पन मी बोलनार ना? ता कोन ऐकनार, खुर्च्या?" तिने सालांची परडी माझ्याकडे सरकवली. "महारोग्यासारखी येगली बसवून दाखवनार मना पिच्चर. नको. नाय बगितला तरी चालंल. डोले गेले म्हून तोंड पन परसात ठेवून येऊ?"

मला आधी तिचा हट्ट वाटला. चार दिवसांत सिनेमा जाईल, चार महिन्यांत कदाचित तिची नजर, आणि ही अटी घालते. परतताना मी मिठागराच्या बांधावरून आलो. उन्हं कलली होती. एका कोंडीत चुकून राहिलेलं पाणी आटून कडेला मिठाची पातळ साय धरली होती, कोणी मागितली नाही, कोणी ओढणार नाही, तरी. तिथे थोडा वेळ उभा राहिल्यावर मला कळलं, की सवलत आणि हक्क यांत जो भेद मी आयुष्यभर इतरांच्या अर्जांवर खुणा करून दाखवत आलो, तो मी माझ्या बहिणीच्या बाबतीत विसरलो होतो. माणसाला एकटं बसवून दिलेली मुभा ही बाहेर काढण्याचीच दुसरी पद्धत आहे. तंबूत ती बोलली ते तिच्यासमोर माणसं होती म्हणून. तिला सिनेमा नको होता. तिला तंबू हवा होता.

मी मॅनेजरला नम्रपणे नकार कळवला आणि सोबत हेही कळवलं, की आम्ही रविवारच्या संध्याकाळच्या भरल्या खेळाला, रीतसर तिकिटं काढून, शेवटच्या रांगेत येत आहोत, आणि आम्ही बोलणार आहोत.

ऑगस्टीनही आला. चर्चमधली मिस्सा, रविवारची प्रार्थना, आटोपून, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. "पंचनाम्याला पंच लागतो," एवढंच म्हणाला. बायने जत्रेत नेसायची हिरवी साडी नेसली होती. रिक्षा सातिवलीला आली. गोदामांचे पत्रे उन्हाने चमकत होते आणि तिने त्या चमकीपुढे पदर धरला होता.

थिएटर भरलं होतं. पडद्याचा आवाज असा, की खुर्ची पाठीला ढकलत होती. जोवर काही जळत होतं, कोसळत होतं, तोवर बायचं बोलणं त्या गदारोळात विरून जात होतं. कोणाला त्याचं काही नव्हतं. समुद्र वर खेचला गेला, पडदा पांढरा झाला. ते पांढरं तिला दिसलं. ती पुढे झुकली आणि मोकळ्या आवाजात म्हणाली, "मीठ." पुढच्या दोघीतिघी हसल्या. एक म्हणाली, "आजी बरोबर बोलतायत, मीठच आहे ते."

मग तो बसगाड्यांचा प्रसंग आला आणि संगीत थांबलं.

"जाऊ नका रं," बाय म्हणाली. "बसा खाली. एक जन तरी बसा."

"कोण बोलतंय यार," मधून आवाज आला. "बाहेर काढा ना."

"अहो, बसू द्या म्हाताऱ्या माणसाला," दुसरा आवाज.

टॉर्च आला. त्याच्यामागे मॅनेजर आली. या वेळी प्रकाश बायच्या तोंडावर नव्हता, जमिनीवर होता; तेवढं माझ्या पत्राने साधलं होतं. "काका, प्लीज. बाहेर येऊन बोलू या."

"ज्या नियमाखाली उठवताय, तो नियम दाखवा."

"हेड ऑफिसला विचारलंय. अजून काही आलं नाही."

"आलं की दाखवा. तोवर आम्ही बसतो."

माझ्या पिशवीत सगळे कागद क्रमाने लावून ठेवले होते. मी ते काढणार, तेवढ्यात बायने माझ्या मनगटावर हात ठेवला. मॅनेजरच्या आवाजाच्या दिशेने मान वळवून ती म्हणाली, "पोरी, मी नाय उठायची. तुला उचलायची असंल तर उचल. हाडा हायत नुसती, जर नाय लागायची, हलकीच हायत."

मुलगी तशीच उभी राहिली. तिच्या हाती अधिकार होता आणि तो कसा वापरायचा, हे तिला त्या क्षणी सुचत नव्हतं. टॉर्चवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, की नाही हलवली, मला अंधारात ठरवता आलं नाही. पण टॉर्च विझला. ती दोघं भिंतीला टेकून उभी राहिली. मी पिशवी पायांशी ठेवली आणि सांगू लागलो.

शेवट आला. पाऊस नव्हता. आकाशात एक प्रचंड अस्त्र फुटलं, शिट्या झाल्या, टाळ्या झाल्या, आणि मग पडद्यावर शांतता पसरली. मी सांगितलं, "परग्रहवासी माघार घेत आहेत. जलस्तर पूर्ववत होत आहे."

"बाला, हुकूमनामा नको वाचू. नीट सांग."

मी उभ्या जन्मात कोर्टात, कचेरीत, सभेत जी बोली तोंडातून निसटू दिली नव्हती, ती त्या भरल्या अंधारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या तोंडून आली. "पानी आला, बाय. भरती हाय. धक्क्यापरयंत आला पानी."

"आन मानसा?"

"मानसा नाय. सगली गेलीत गाड्यांतशी. गाव खाली हाय."

"मंग त्यो दर्या आला कोनासाठी?"

थिएटरात कोणी हसलं नाही. कोणी 'श्श' म्हटलं नाही. माझ्या दुसऱ्या बाजूला ऑगस्टीनने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. पडद्यावर रिकाम्या धक्क्याला पाणी लागत होतं.

"त्ये गेले का रं, आकाशातले?" तिने विचारलं.

"गेले."

"आन आपून?"

"आपून हितंच हाव," मी म्हणालो.